दसऱ्याचं तिसरं पिस्तूल

दोन हातांत दोन पिस्तुलं धरून एका दमात दोन माणसं पाडता येतात, हे सिनेमावाल्यांनी कितीही दाखवलं तरी माझा विश्वास नाही. माझ्या नवऱ्यानं दोन वर्षं हेच सोंग केलं, म्हणून मला बोलायचा हक्क आहे. माणसाचा एक हात कामाचा असतो आणि दुसरा त्याला साथ देतो. यांचा डावा हात तर साथही धड द्यायचा नाही. त्या हातात विळा दिला तर मेथीची जुडी बाजूला राहायची आणि बोट कापलं जायचं.

आम्ही मूर्तिजापूरचे माळी. मळ्यात भाजी आणि फुलं लावायची आणि बाजारात विकायची, हा आमचा धंदा. पण मोतीराम, म्हणजे माझा नवरा, अंगानं उंच, मिशा भरघोस, आणि आपण देखणे आहोत हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. गावातल्या टॉकीजच्या मॅनेजरनं त्यांना वांगी विकताना पाहिलं आणि उचललं. अमरावतीहून रेल्वेनं मारधाडीच्या सिनेमाची पेटी आली की गावातून जाहिरातीचा तांगा फिरायचा. पुढे डफडं आणि ताशा, तांग्याच्या दोन्ही बाजूंना रंगवलेले बोर्ड, आणि वर काळा कोट घालून उभा असलेला हिरो. हा हिरो म्हणजे आमचे हे. पडद्यावरचा दोन पिस्तुलं चालवायचा, मग यांनाही दोन पाहिजेत.

ती पिस्तुलं जानराव लोहारानं घडवली. त्यानं उभ्या जन्मात एकच पिस्तूल जवळून पाहिलं होतं, केशवराव देशमुखांचं. देशमुखांनीही हौसेनं त्याला ओसरीवर बसवून ते दाखवलं, हातात दिलं. जानरावनं मग तशीच जोडी केली. तेवढीच लांब, तेवढीच जड, लाकडी मूठसुद्धा तशीच. फरक एवढाच, की यांची नळी वरून पोकळ दिसायची आणि बोटाच्या पेरापुढे भरीव होती. घोड्याखाली पोरांच्या खेळातली टिकली ठेवायची, की आवाज आणि धूर निघायचा.

खेळ ठरलेला होता. स्टेशनच्या रस्त्यावरच्या चौकात तांगा थांबायचा. समोर सरकीच्या दुकानाच्या ओट्यावर दरोडेखोर उभा. डफडं आधी हळू वाजायचं, मग घाईत. घाईची थाप पडली की तांगेवाला भगवंत घोड्याला चाबूक दाखवायचा, तांगा हिसक्यानं पुढे निघायचा आणि चालत्या तांग्यातून हे दोन्ही पिस्तुलं झाडायचे. दरोडेखोर शर्टाआड ठेवलेला कुंकवाच्या पाण्याचा फुगा बाभळीच्या काट्यानं फोडायचा आणि पडायचा. पडला की तांगा चौकातून जाईपर्यंत त्यानं हलायचं नाही, अशी मॅनेजरची सक्त ताकीद होती. मेलेला माणूस डोळे उघडून बघायला लागला तर तिकिटं कोण काढणार?

तो दरोडेखोर म्हणजे माझा धाकटा भाऊ शेषराव. आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. माझ्या लग्नानंतरही तो माझ्याजवळच राहिला. दिवाळीनंतर त्याचं लग्न ठरलं होतं, मुलगी अचलपूरची होती.

यांचा उजवा हात मात्र पक्का होता. नळी बरोबर शेषरावच्या छातीवर यायची. डावी नळी कुठल्या कुठे भरकटायची. मी चिडवायची, "तुमचा डावा हात सरकीवाल्याचा वैरी हाये. दर खेपेले त्याच्याच पोत्यावर नेम धरते." हे चिडायचे आणि रात्रभर डाव्या हातानं तांब्या उचलून सराव करायचे. अंथरूण ओलं व्हायचं, बाकी काही नाही.

आता दसऱ्याचं सांगते. एकोणसाठ सालचा दसरा होता तो.

देशमुखांच्या गल्लीतल्या सगळ्या घरांची हत्यारं आणि अवजारं दसऱ्याला त्यांच्याच देवघरासमोर मांडली जायची. कोयते, कुऱ्हाडी, विळे, जानरावचा घण, आणि मधोमध लाल कापडावर देशमुखांचं पिस्तूल. त्या घरात एक रीत होती. देवीपुढे रिकामं काही ठेवायचं नाही. तांब्या ठेवला तर पाण्यानं भरलेला, सूप ठेवलं तर धान्यानं, आणि पिस्तूल ठेवलं तर गोळ्यांनी. संध्याकाळी शिवेवर जाऊन देशमुख त्यातली एक गोळी आभाळात झाडायचे, आणि मग गाव सोनं लुटायला निघायचं. सालोसाल असंच चाललं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

त्या वर्षी यांनी आपली जोडीही पूजेला नेली. मी म्हटलं, "खेळण्याची कोणी पूजा करते काय?" तर म्हणाले, "खेळणं काहून म्हणतं? पोट भरते त्याच्यावर. आन् हे देशमुखाच्या पिस्तुलाचेच लेकरं हायेत. मायजवळ ठेवतो." रीत म्हणून दोन्हींत टिकल्याही भरून ठेवल्या. मग तिन्ही पिस्तुलं शेजारी शेजारी लाल कापडावर बसली. तिन्हींच्या मुठीला लाल दोरा बांधला, तिन्हींवर हळदीकुंकवाचा लेप दिला, आणि वरून माझ्याच मळ्यातला झेंडू.

दुपारी मॅनेजरचा निरोप आला, की संध्याकाळच्या खेळासाठी तांगा लवकर काढायचा आहे. हे घाईघाईनं देशमुखांकडे गेले. पुरुष मंडळी जेवायला बसली होती. देशमुखांच्या आई माणिकबाई तेवढ्या ओसरीवर जप करत होत्या. "आपलं घेऊ काय जी?" यांनी विचारलं. "उचल बावा तुयं," त्या म्हणाल्या. देवीचा प्रसाद म्हणून यांनी हळदकुंकू पुसलंही नाही. दोन पिस्तुलं उचलली, कमरेला खोवली आणि गेले.

जेवणं आटोपून ऊन कलल्यावर मी फुलांच्या रिकाम्या टोपल्या आणायला तिथं पोचले. केशवराव देशमुख फेटा बांधून शिवेवर निघायच्या तयारीत होते. त्यांनी लाल कापडावरचं पिस्तूल उचललं, धोतराच्या सोग्यानं हळद पुसली आणि नळी डोळ्यांपुढे धरली. मग करंगळी नळीत घातली. करंगळी पेरापुढे जाईना.

"हे माझं नाई," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. "मंग तुमचं कुठी हाये?" मी विचारलं.

त्यांनी खाली बोट केलं. लाल कापडावर झेंडू दोन जागी चेंगरलेला होता. मी तिकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या टोपल्या खाली पडल्या.

"भरेल हाये?"

"भरेल हाये," देशमुख म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. पण ते पुढे बोलले ते असं: "बोंबलू नको जमुना. लायसन जाईन माझं. मी गड्याले पाठवतो, थो गुपचूप घेऊन येईन."

त्या क्षणी मला त्या माणसाचा असा राग आला, की आजही त्यांचं नाव आदरानं घेताना जीभ अडखळते. मी म्हटलं, "तुमचा गडी पायात जोडे घालेपर्यंत माझा भाऊ मरन." त्यांच्या हातातलं ते खोटं पिस्तूल मी हिसकावून घेतलं, पदराखाली धरलं आणि निघाले.

मी धावले. मूर्तिजापूरच्या बाजारातून माळ्याची सून धावताना कुणी पाहिली नव्हती, ती त्या दिवशी सगळ्यांनी पाहिली. लोक नवे कपडे घालून रस्त्यावर आलेले, आपट्याच्या डहाळ्यांचे ढीग लागलेले. शेजारची केशरबाई वाटेत आडवी आली. "काय वं जमुना, मलेच पयलं सोनं द्याले पयत आली काय?" म्हणून हसायला लागली. मला बोलता येईना. तिला ढकलून मी पुढे गेले. सणाच्या दिवशी ढकललं म्हणून ती नंतर कितीतरी दिवस बोलली नाही.

छाती फुटायला आली होती. पण धावण्यानं नाही, भीतीनं. डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, शेषरावची छाती आणि तिच्यावर स्थिर झालेली उजव्या हाताची नळी. आणि त्यानंतरचंही दिसायला लागलं. यांना बेड्या, अकोल्याचं कोर्ट, फाशी. खेळण्यातलं समजून झाडलं, हे कोण मानेल? एका गोळीत माझं माहेर जाणार होतं आणि सासरही. मी देवीला हाका मारत होते, आणि त्याच तोंडानं यांना शिव्या देत होते. काय गरज होती खेळण्याची पूजा घालायची? काय गरज होती दोन पिस्तुलांची? एक पुरलं नसतं?

मग डफडं ऐकू आलं.

हळू वाजत होतं. मला तो खेळ तोंडपाठ होता. हळू वाजतंय म्हणजे अजून हे कोटाची बटणं सोडत असतील, मिशीला पीळ देत असतील. अजून वेळ आहे. मी वळणावर आले, तेव्हा हळूच वाजत होतं. पानठेल्याजवळ आले आणि थाप किंचित बदलली. चौक अजून थोडा लांबच होता. मी मोठ्यानं ओरडले, "थांबवा हो! कोणी थांबवा!" पण सणाची गर्दी, ताशाचा आवाज, कुणाला ऐकू जाणार?

चौकात माणसांची भिंत उभी होती. मी खांदे ओढले, कोपर मारले. "ओ बाई, आमी बी पाह्यालेच आलो," एकजण खेकसला. तेव्हा मी पदराखालचं पिस्तूल बाहेर काढलं आणि वर धरलं. मग वाट झाली. काही बायका किंचाळल्या, पुरुष हसले. "अरे, यंदा बाई बी हाये!" कुणीतरी म्हणालं आणि शिट्ट्या वाजल्या. त्यांना वाटलं मीही खेळातलीच. माझा जीव जात होता आणि ते मेले टाळ्या वाजवत होते.

मी तांग्याच्या चाकाजवळ पोचले. वर हे उभे होते, काळ्या कोटात, दोन्ही हात लांब केलेले. हळदीनं माखलेल्या दोन नळ्या. उजवी माझ्या डोक्यावरून सरळ ओट्याकडे गेलेली. मागे वळून पाहिलं तर ओट्यावर शेषराव, कोळशाच्या मिशा काढलेला, छाती पुढे करून उभा. नेम धरायला सोपं जावं म्हणून तो छाती पुढे करायचा. यांनीच त्याला तसं शिकवलं होतं.

"खरं हाये!" मी ओरडले. "त्यातलं एक देशमुखाचं हाये!"

डफड्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. बायकोनं खेळात येऊन अवलक्षण मांडलं, असा तो चेहरा होता. मग मी हातातलं पिस्तूल त्यांच्या तोंडापुढे धरलं. लाल दोरा, हळद, लाकडी मूठ.

त्यांनी ते पाहिलं. मग आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे. जानरावनं दोनच घडवली होती, आणि आता डोळ्यांपुढे तीन होती. त्यांच्या तोंडावरची मिजास अशी गेली, की मला तो माणूस ओळखू येईना. दोन्ही पिस्तुलांचे घोडे चढवलेले होते. कुठलं खरं ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि मलाही. हात खाली घ्यावे तर खाली मी, समोर शेषराव, बाजूला गर्दी. नळी फिरवायला मोकळी जागाच नव्हती; वर आभाळ मोकळं होतं, पण ते दोघांनाही सुचलं नाही. ते दोन्ही हात तसेच धरून उभे राहिले. लोकांना तेही आवडलं.

"भगवंता, तांगा नको हलवू!" मी ओरडले. भगवंत आमच्याकडे पाठ करून बसला होता. तो कधी मागे पाहायचाच नाही, त्याचं सगळं काम कानावर. आणि त्याच वेळी घाईची थाप पडली. भगवंतानं चाबूक दाखवला. तांगा हिसक्यानं निघाला. हे मागे कलले, तोल सावरायला मुठी आवळल्या गेल्या आणि दोन्ही पिस्तुलांचे घोडे पडले.

एक आवाज टिकलीचा होता. दुसरा आवाज मी त्याआधी फक्त शिवेवर ऐकला होता, दुरून.

मी वळले. शेषराव खाली पडला होता. शर्ट लाल झाला होता, आणि लाल पाणी ओट्याच्या पायरीवर येत होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या त्या चौकात कधीच वाजल्या नव्हत्या. मी ओट्यावर कशी चढले ते आठवत नाही. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "शेषा, अरे शेषा, बोल रे बाप्पा." डोळे मिटलेले, मान सैल. मी त्याच्या छातीवर हात फिरवला, भोक शोधत होते आणि सापडेल म्हणून घाबरत होते. हात लाल झाला. तोंड धुऊन, नवं धोतर नेसून, माझ्या हातची पुरणपोळी खाऊन सकाळी घरातून गेलेला पोरगा होता तो. मी आईला काय सांगू, असं मनात आलं. आई जाऊन किती वर्षं झाली होती, तरी तेच मनात आलं.

मग त्याचे ओठ हलले. डोळे न उघडता, दात न उघडता तो पुटपुटला, "बाई, तांगा गेला काय?"

मी त्याच्या थोबाडीत मारली. एक उजव्या गालावर, मग दुसरी डाव्या गालावर. आणि मग त्याला छातीशी धरून अशी रडले, की पुढे उभी असलेली माणसं टाळ्या वाजवायची थांबली. तो बिचारा घाबरून गेला. "काय झालं बाई? मी हाललो बी नाई," म्हणायला लागला.

त्याच्या मागे पोत्याला भोक पडलं होतं आणि त्यातून सरकी गळत होती. शेषराव उभा होता त्या जागेपासून माझा हात पुरेल एवढ्या अंतरावर, डाव्या बाजूला. मी गळणाऱ्या सरकीकडे बघत राहिले.

तांगा चौकाच्या टोकाला थांबला होता. हे खाली उतरले नव्हते. दोन्ही हात अजून तसेच पुढे. मी जवळ जाऊन म्हटलं, "वाचला. हसून राहिला थो. हात खाली घ्या." त्यांना ऐकू गेलं, पण बोटं उघडेनात. मी तांग्यावर चढले आणि एकेक बोट सोडवलं. उजव्या हातातलं पिस्तूल गार होतं. डाव्या हातातल्याची नळी मला चटका देऊन गेली.

हे त्या नळीकडे बघत होते. देवघरापुढे घाईत उचलताना कुठलं कुठल्या हातात आलं, ते त्यांना आठवत नव्हतं. आठवणार तरी कसं? दोन्ही सारखीच. उलट आलं असतं तर काय झालं असतं, ते दोघांनाही कळलं होतं.

देशमुखांचा गडी आला, जोडे घालून. फडक्यात गुंडाळून पिस्तूल घेऊन गेला. मॅनेजर खूश होऊन धावत आला, "वा मोतीराम! पोत्याचं भोक कसं केलं? उद्याच्याले बी असंच पाह्यजे!" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरला.

संध्याकाळी घरात सोनं वाटायची वेळ झाली. माझ्या सासूबाई पार्बताबाई पाटावर बसल्या होत्या. शेषराव गाल चोळत, हसत, आपट्याची पानं घेऊन यांच्या पुढे वाकला. यांनीही पानं उचलली. उजव्या हातात धरली, आणि हात पुढे करताना तो शेषरावच्या छातीसमोर आला. तिथंच थांबला. त्यांनी तो मागे घेतला, पाठीशी नेला आणि पानं डाव्या हातात घेतली. डावा हात नेहमीसारखाच वाकडातिकडा पुढे गेला.

"अरे मोत्या," सासूबाई ओरडल्या, "डाव्या हातानं सोनं देतेत काय रे?"

"देऊ द्या मामी," मी म्हटलं. "आज त्याच हातानं देऊ द्या."

शेषरावला तोवर सगळं कळलं होतं. तो हसायचा थांबला. त्यानं दोन्ही हातांनी तो डावा हात धरला आणि पानांसकट कपाळाला लावला.